गॅस बंद आहे

सासुरवाडीच्या स्वयंपाकघरात जावयाने डोकावू नये. पाणी हवं असेल तर बाहेरून मागावं. हा नियम मी चौदा वर्षं पाळला आणि गेल्या मे महिन्यात डहाणू तालुक्यातल्या वरोरला मोडला.

दुपारचे साडेअकरा वाजलेले, लाइट गेलेली. सासूबाई गॅससमोर उभ्या. एका शेगडीवर भात, दुसरीवर बोंबलाचं कालवण, परातीत भाकरीचं पीठ. वरोरचा उन्हाळा आकड्यांत सांगितला तर कुणाला दया येणार नाही. पारा नागपूरच्या नऊ-दहा अंश खालीच असतो. पण नागपूरला माणूस तव्यावर असतो आणि डहाणूच्या किनाऱ्यावर इडलीपात्रात. आधीचा घाम वाळायच्या आत पुढचा हजर होतो. सासूबाईंनी पदराने मान पुसली, पदर पिळता आला असता. मला भरून आलं. माणसाला भरून आलं की तो मूर्खासारखं बोलतो.

"आई, मी आहे तोवर आठ दिवस गॅस पेटवायचा नाही."

त्यांनी झटकन दोन्ही बटणं बंद केली. "का? वास येतोय का?"

वास येत नाहीये, हे तत्त्व आहे, हे समजावायला थोडा वेळ गेला. न शिजवता किती काय काय करता येतं याची यादी मी सांगितली. दहीपोहे, दडपे पोहे, आंबेडाळ, कोशिंबिरी, शिकरण, पन्हं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "छानच आहे. आणि जेवायला काय?" मग त्यांच्या लक्षात खरी अडचण आली. "जावयाला कच्चं वाढू? गाव म्हणेल, मुलगी दिली आणि जावयाला काकडीवर ठेवला."

बायको दारातून म्हणाली, "बोललास ना? आता तूच कर."

हे कलम माझ्या मसुद्यात नव्हतं.

ओटीवर प्रकरण मेव्हण्यापुढे गेलं. तो सोन्याच्या दागिन्यांचे डाय कोरतो. वरोर-चिंचणीच्या बाजूला हा घरोघरचा धंदा. केसाएवढी रेघ चुकली तर डाय फुकट, त्यामुळे शब्द हातात आला तरी तो कानस घेऊनच बसतो. "कच्चं म्हणजे नक्की काय, भावोजी? पोहे कच्चे नसतात. भात भिजवून, भाजून, मग कांडतात. दही लावायच्या आधी दूध तापवलेलं असतं. सातूचं पीठ तर भाजलेल्याच धान्याचं. गूळ कढवलेला. अगदी धरूनच बसायचं, तर तुमच्याकडे काकडी उरते."

मी झुरिकच्या डॉक्टर बिर्खर-बेनरचा दाखला काढला. 1900 च्या सुमारास या माणसाने आपल्या रोग्यांना कच्चं खायला घालून नाव काढलं. भिजवलेले ओट, किसलेलं सफरचंद, लिंबाचा रस, बदाम-अक्रोड. जग त्याला म्युसली म्हणतं.

"दूध कुठलं घालायचा?" मेव्हण्याने विचारलं.

मी फोनवर पाहिलं. डब्यातलं आटवलेलं.

"म्हणजे शिजवलेलंच," असं म्हणून मेव्हण्याने फाइल बंद केली. शेवटी ठरलं ते असं की आगीचं जे व्हायचं ते दुकानात किंवा पूर्वी झालेलं चालेल, आपल्या गॅसवर आठ दिवसांत काही नाही.

मुहूर्त म्हणून मी परसातल्या टोपलीतला एक चिकू उचलला. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मान राखावा म्हणून भला मोठा घास घेतला. टोपली सकाळी उतरवलेल्या चिकवांची होती. कच्च्या चिकवात चीक असतो, आणि तो आपलं नाव सार्थ करतो. पुढची वीस मिनिटं माझे ओठ एकमेकांशी एकनिष्ठ राहिले. सासूबाईंनी खोबरेल तेल दिलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर या योजनेबद्दल समाधान दिसलं.

अंमल दुसऱ्या दिवसापासून. पहिल्या दिवसाचा बेत: दडपे पोहे, आंबेडाळ, काकडीची कोशिंबीर, पन्हं, वर ताडगोळे. चूल नाही म्हणजे कष्ट नाहीत असं मला वाटलं होतं. चूल पेटली की भात निदान स्वतःचा स्वतः शिजतो. कैरी स्वतःला किसत नाही. नारळ स्वतःला खवत नाही. विळीवर एक पाय दुमडून बसायचं आणि करवंटी पात्यावर अशी फिरवायची की पांढरं तेवढं खाली पडावं, तपकिरी येऊ नये. माझ्या पहिल्या करवंटीतून पांढरं, तपकिरी आणि थोडं लाल असं तिन्ही पडलं. लाल ते माझं होतं. डाळ सकाळीच भिजत घातली होती, चार-पाच तासांत ती फुगून टपोरी झाली. पण लाइट नाही म्हणजे मिक्सर नाही. पाटा-वरवंटा निघाला. भिजलेली डाळ वरवंट्याखालून उडते हे मला माहीत नव्हतं. भरड वाटायची म्हणतात, माझी अर्धी भरड आणि अर्धी भिंतीवर झाली.

ताडगोळ्यांचं प्रकरण त्याहून नाजूक. आदिवासी बाई पाटी घेऊन दारात आली होती. तिने कोयत्याने फळ छाटलं आणि अंगठ्याच्या एका झटक्यात आतला गोळा बाहेर काढला, तीन डोळ्यांचे तीन. पण त्यावरची पिवळसर साल आपली आपण सोलायची. ती दाताने नाही, नखाने, टोकाकडून उचलायची. जोर जास्त झाला की गोळा फुटतो, आणि पोटातलं गोड पाणी सदऱ्यावर येतं. मी बारा सोलले. पाच पोटात गेले, सात सदऱ्यावर.

दडप्यांना मी वर ताट आणि त्यावर पाटा ठेवून दडपलं. पातळ पोहे, खोबरं, कांदा, कैरी, नारळाच्या पाण्याचा शिपका. अर्ध्या तासात पोहे मऊ होतात आणि सगळा मामला एकजीव होतो. ताट उघडलं, वास सुटला. मी कौतुकाच्या अपेक्षेने सासूबाईंकडे पाहिलं. त्या पोह्यांकडे पाहत होत्या, बोडक्या कपाळाकडे पाहावं तशा.

"फोडणी?"

"आई, फोडणी म्हणजे गॅस."

"फोडणी म्हणजे स्वयंपाक का? मोहरी तडतडते तेवढा वेळ. हिंगाशिवाय हरभऱ्याची डाळ घालू तुम्हाला? रात्री तुम्हालाच त्रास. आणि आम्हालाही."

यावर कोर्टाकडे उत्तर नव्हतं. फोडणी वगळली, म्हणजे बंदीतून वगळली.

जेवण सुरेख झालं. मला तरी वाटलं. सासऱ्यांनी दडपे खाल्ले, डाळ दोनदा घेतली, पन्हं संपवलं, शेजारच्या वाढवणच्या बंदराबद्दल रोजच्यासारखं सविस्तर बोलले, हात धुतला, ओटीवर झोपाळ्यावर बसले. अर्ध्या तासाने आत डोकावून अगदी साधेपणाने विचारलं, "पानं कधी घ्यायची?"

चार वाजता चहा. चहाचं मी विसरलोच होतो. बंदीचा जनक म्हणून मी गप्प बसलो, पण माझे डोळे ओट्याकडे गेले असावेत. सासूबाई म्हणाल्या, "चहा म्हणजे स्वयंपाक नव्हे हो, जावईबापू." इतकं न्याय्य वाक्य मी कोणत्याही निकालपत्रात वाचलेलं नाही.

संध्याकाळी शेजारच्या गुजराती मावशी कुंपणापाशी आल्या. आमच्या प्रयोगाचं त्यांना मुळीच नवल वाटलं नाही. त्यांच्याकडे श्रावणात शीतला सातमला चूल पेटवतच नाहीत, सगळं थंड खायचं. मला हर्ष झाला. हजारो घरांत चालत आलेला आधार! "मग आदल्या दिवशी काय करता?" सासूबाईंनी विचारलं. आदल्या दिवशी रांधण छठ. त्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत दोन दिवसांचं रांधायचं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही, एवढे त्यांचे उपकार.

बंदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गेलो, तेव्हा कळलं की या गावात न शिजवण्याचा खरा कारखाना उघड्यावर चालतो. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, जोडीजोडीने, दोरीवर घोडेस्वारांसारखे. सुटा बोंबील हातात धरवत नाही इतका पाण्याचा. तीन-चार कडक उन्हं खाल्ली की तोच काडीसारखा वाजतो. जून-जुलै मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात घरोघरी आगोटीची घाई. गॅस नाही, लाइट नाही, विळी नाही. मी विचारलं, हे असंच खाता येईल का? पेरूमध्ये लिंबात मुरवलेला कच्चा मासा पाहुण्यांना मानाने वाढतात, हेही सांगितलं. बोंबील उलटे करणाऱ्या बाईने हात थांबवून विचारलं, "कुणाकडचे तुम्ही?" मी सासऱ्यांचं नाव सांगितलं. "अच्छा, जावई," असं म्हणून ती कामाला लागली. तिला सगळा उलगडा झाला होता.

त्यानंतर बंदी कुणी उठवली नाही, हे मुद्दाम नोंदवतो. तिला फक्त पोटकलमं जोडली गेली. पापड भाजणं म्हणजे स्वयंपाक नाही, जाळावर धरायचा नि काढायचा. सुकट परतणं म्हणजे फोडणीच, तीत सुकट पडली इतकंच. दूध तापवलंच पाहिजे, नाहीतर नासेल, आणि दूध तापवताना दुसरी शेगडी मोकळी ठेवणं बरं दिसत नाही. तिसऱ्या दिवशी भात आला. भाताला काय करावं लागतं? तो लावायचा असतो, करायचा नसतो. चौथ्या दिवशी ताटात बोंबलाचं कालवण होतं आणि ते कोणत्या कलमाखाली आलं, हे विचारायला माझं तोंड रिकामं नव्हतं. कोशिंबीर, आंबेडाळ आणि दडपे मात्र रोज व्हायचे, कारण ते माझं खातं. म्हणजे पूर्वी त्या घरात एक स्वयंपाक होत होता, आता दोन होऊ लागले.

निघायच्या दिवशी वाणगाव स्टेशनला जायला रिक्षा दारात उभी होती. मी बॅगा ठेवत होतो. सासूबाई कुंपणापाशी गुजराती मावशींना सांगत होत्या, जरा मोठ्यानेच, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळावं म्हणून: "आमचे जावई म्हणजे फार मायाळू. आठ दिवस गॅस पेटवू दिला नाही मला."

आत कुकरची तिसरी शिट्टी झाली. "अगं, बंद कर तो," त्या लेकीला म्हणाल्या, आणि पुन्हा मावशींकडे वळल्या.