नवमाळी

पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांच्या कडेने वाढलेल्या रो-हाउसच्या आणि छोट्या बंगल्यांच्या वसाहतींत एक मनुष्यप्रकार हमखास आढळतो. समाजशास्त्राने किंवा वनस्पतिशास्त्राने त्याची दखल घेतलेली दिसत नाही, वास्तविक तो या दोन्ही शास्त्रांच्या बांधावर उकिडवा बसलेला असतो. सोयीसाठी त्याला नवमाळी म्हणता येईल. ज्याची पस्तीसेक वर्षे बँक, विमा, पाटबंधारे किंवा तत्सम खात्यात गेली, निवृत्तीच्या रकमेतून ज्याच्या घरापुढे चार वाफ्यांपुरती जमीन आली आणि आजोबांची कोकणात किंवा देशावर शेती होती एवढ्या आधारावर मातीतले आपल्याला उपजतच कळते अशी ज्याची प्रामाणिक समजूत आहे, तो नवमाळी होय. या प्रकारात स्त्रियाही आढळतात. परंतु त्या अवजारे कमी घेतात आणि शेजारणीकडून फांद्या जास्त आणतात, शिवाय कोणती फांदी कोणाकडची हे त्यांच्या लक्षात राहते, त्यामुळे त्यांचा विचार स्वतंत्रपणेच करणे इष्ट.

नवमाळ्याच्या बागकामाचा आरंभ खरेदीने होतो. मृग नक्षत्र लागण्याच्या, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याच्या, बऱ्याच आधी त्याच्या घरी एक खोके येते. त्यात रंगीत मुठींच्या तीन अवजारांचा संच, गुडघ्याखाली घ्यायची गादी, मातीत खुपसल्यावर ओल, आम्लता आणि उजेड या तिन्ही गोष्टी एकाच काट्यावर दाखवणारे उपकरण आणि कुंपणाची मेंदी सारखी करण्याची मोठी कात्री असा सरंजाम असतो. घराला मेंदीचे कुंपण नसून सिमेंटची भिंत आहे, ही बाब खरेदीच्या वेळी विचारात घेतलेली नसते. संचातल्या हातफावड्याची, म्हणजे कुंडीत माती भरण्याच्या खोलगट पात्याच्या छोट्या अवजाराची, मान पहिल्याच दिवशी वाकते. याचे कारण असे की अशा वसाहतींत वरची दोन-चार बोटे तांबडी माती बांधकाम संपताना आणून पसरलेली असते आणि तिच्याखाली मुरूम, विटांचे तुकडे व गिलाव्याचा राडारोडा असतो. हातफावडे मात्र कुंडीतल्या भुसभुशीत मिश्रणासाठी घडवलेले असते. नवमाळी यावरून माल हलका होता असा निष्कर्ष काढतो आणि अधिक महाग संच मागवतो. त्याची मान दोन दिवस टिकते.

वस्तुतः चार वाफ्यांच्या बागेला खुरपे, कुदळ, घमेले, झारी आणि सिकेटर एवढी सामग्री पुरते. पैकी खुरप्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण नवमाळी ते सर्वांत शेवटी विकत घेतो. खुरपे म्हणजे आखूड लाकडी मुठीत बसवलेले वाकडे, रुंद पाते. उकिडवे बसून ते जमिनीलगत आडवे धरून आपल्याकडे ओढले की तण मातीच्या पापुद्र्याखाली कापले जाते आणि तेच उभे धरले की मुळाशी खणता येते. पाते किती चकाकते याला महत्त्व नाही. मुठीच्या तोंडाशी लोखंडी साम, म्हणजे लाकूड फाटू नये म्हणून चढवलेले कडे, घट्ट बसले आहे की नाही आणि पात्याचे शेपूट मुठीत हलते की काय, हे पाहायचे असते. लोहाराने ट्रकच्या मोडक्या पाट्यांच्या पोलादापासून केलेले खुरपे दिसायला ओबडधोबड असले तरी झिजले की पाजवून पुन्हा वापरता येते. पुण्यातला नवमाळी अखेरीस रविवार पेठेतल्या बोहरी आळीत जातो, खुरपे हातात घेऊन उलटसुलट करतो आणि यात मनगटाला आधार देणारे काही मॉडेल आहे का, असे विचारतो. "साहेब, हे खुरपं आहे," असे दुकानदार शांतपणे सांगतो.

सिकेटर, म्हणजे द्राक्षबागायतदारांच्या हातात छाटणीच्या वेळी दिसणारी एकहाती कात्री, दोन प्रकारची असते: एकीत दोन पाती परस्परांवरून सरकतात आणि जिवंत फांदी स्वच्छ कापली जाते, दुसरीत एक पाते सपाट पट्टीवर आपटते आणि कोवळी फांदी चेचली जाते. नवमाळी दुसरी घेतो. तिचा आवाज अधिक समाधानकारक असतो.

अवजारे जमल्यावर शत्रूची गरज भासते आणि येथे तणाचा प्रश्न उपस्थित होतो. कृषिशास्त्रानुसार नको त्या जागी आणि नको त्या वेळी उगवलेली कोणतीही वनस्पती तण ठरते. गव्हाच्या शेतात उगवलेली मोहरीही तणच. नवमाळ्याला ही व्याख्या फार सैल वाटते. आयुष्यभर व्हाउचरे तपासलेल्या माणसाला अधिक पक्की कसोटी लागते आणि ती त्याने स्वतःपुरती ठरवलेली असते: ज्याची पावती फाइलमध्ये आहे ते झाड, जे फुकट उगवले ते तण. नवमाळ्याच्या एका पावसाळ्यातील सर्व घडामोडी या एका नियमातून उलगडतात.

उदाहरणार्थ, गाजर. हे थंडीचे पीक असून आपल्याकडे पावसाळा ओसरताना पेरले जाते. परंतु पाकिटावरचे चित्र आकर्षक असल्यामुळे नवमाळी ते जूनमध्येच पेरतो. गाजराचे बी उगवायला आठवडा-दोन आठवडे घेते, अतिपावसात ते सडतेही, आणि दरम्यानच्या काळात त्याच वाफ्यात नक्षीदार, खोलवर चिरलेल्या पानांची रोपे जमिनीलगत चक्राकार पसरू लागतात. हे गाजर गवत होय. या तणाच्या भारतातील प्रसाराची पहिली ठळक नोंद १९५५ साली पुण्यातच झाली. पुण्यात प्रथम घडलेल्या गोष्टी सांगताना पुणेकर हिचा उल्लेख सहसा करत नाहीत. खऱ्या गाजराच्या रोपाची पहिली दोन पाने लांब व बारीक असतात आणि पुढची पाने चुरडली असता गाजराचा वास येतो, तर गाजर गवताच्या पानावर बारीक लव असते आणि त्याला तो वास नसतो. नवमाळी पाने चुरडत नाही, कारण त्यांची पावती आहे. तो विरळणी करतो, शेणखत घालतो, पाहुण्यांना वाफा दाखवतो. हे तण खाऊन संपवावे म्हणून मेक्सिकोतून आणलेले आणि १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडलेले झायगोग्रामा नावाचे भुंगेरे आता महाराष्ट्रातही पावसाळ्यात दिसतात. ते या वाफ्यावर येतात तेव्हा नवमाळी पिकाच्या रक्षणार्थ त्यांच्यावर निंबोळी अर्क फवारतो. पुढे झाडे कमरेएवढी होऊन त्यांना बारीक पांढरी फुले येतात आणि त्याच सुमारास त्याच्या हातांना खाज सुटून चट्टे उठतात. गाजर गवताच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह ही सुपरिचित गोष्ट आहे. नवमाळी डॉक्टरांना आपल्याला गाजराची ॲलर्जी असल्याचे सांगतो आणि त्या घरात गाजराची कोशिंबीर होणे बंद होते.

याउलट ज्या तणाशी तो खरोखर लढतो ते लव्हाळा. हे गवतासारखे दिसत असले तरी गवत नव्हे. दांडा दोन बोटांत धरून फिरवला तर त्याच्या तीन कडा लागतात, गवताचा दांडा गोल लागतो. लव्हाळ्याचे बळ जमिनीखाली असते. तिथे जपमाळेतल्या मण्यांप्रमाणे ओळीने काळपट गाठी असतात, त्या बारीक धाग्यासारख्या खोडांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि धागा तुटला की सुटी झालेली गाठ स्वतंत्रपणे फुटते. ज्या मातीत वापसा आहे, म्हणजे पाऊस पडून गेल्यावर चिखल निथळला असून ओल टिकून आहे, तिथे खुरप्याने खोल उकरून गाठींसह लव्हाळा काढावा लागतो. नवमाळी वापशाची वाट पाहत नाही, कारण फिरून आल्यावर चहाच्या आधीची वेळ त्याने बागेसाठी राखून ठेवलेली असते. कोरड्या मातीत तो पाती धरून उपटतो, ती टचकन हातात येतात आणि त्याला विजयाचा आनंद होतो. चार दिवसांत त्याच जागी दुप्पट पाती दिसतात, तेव्हा तो संचातला तीन दातांचा काटा घेऊन सबंध वाफा ढवळतो आणि सगळी माळ मणी-मणी करून सोडतो. या गाठींपैकी प्रत्येकीने त्याचे आभार मानावेत अशी परिस्थिती असते. दिवाळीत तो जे उटणे विकत आणतो त्यात नागरमोथा असतो. नागरमोथा म्हणजे लव्हाळ्याच्याच कुळातला सुगंधी कंद, परंतु डबीवर किंमत छापलेली असल्यामुळे हा संबंध त्याच्या ध्यानात येत नाही.

तण ओळखण्यासाठी नवमाळी फोनचा आश्रय घेतो, हे येथे नमूद केले पाहिजे. पानाचा फोटो काढला की फोन शास्त्रीय नाव सांगतो आणि तेथून खरी अडचण सुरू होते. खेड्यातल्या मुलांना खरचटल्यावर ज्याचा रस लावतात तो दगडी पाला, पिवळ्या फुलाचा आणि लांब एकेरी दांड्याचा, नवमाळ्याच्या दृष्टीने उपटण्यायोग्यच असतो; पण फोनवर ‘ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स’ असे नाव उमटले की त्याचा हात थबकतो, एवढ्या भारदस्त नावाच्या वनस्पतीला उपटणे त्याला औचित्यभंग वाटते आणि दगडी पाल्याला चिनी मातीची कुंडी मिळते.

घरातल्या बाईंची कसोटी वेगळी असते. त्यांच्या लेखी घोळ, केना आणि कुर्डू या भाज्या आहेत, तर नवमाळ्याच्या लेखी ती बिनपावतीची घुसखोरी आहे. मांसल खोडाची घोळ उपटून तो वाफ्याच्या कडेला नीट रचून ठेवतो; ती पाऊस लागताच आहे तिथेच मुळे धरते. निळ्या फुलांच्या केन्याला जमिनीखालीही फुले येतात आणि तिथेच बी तयार होते, त्यामुळे वरून कितीही छाटले तरी तो येतच राहतो. "अहो, भजी करायची होती त्याची," असे आतून ऐकू येते तोवर केना कचऱ्याच्या गाडीत गेलेला असतो आणि नवमाळी मंडईत जाऊन पालेभाजी आणतो.

श्रावण सरेपर्यंत बाग अशा रीतीने स्वच्छ होते. आघाडा, म्हणजे ज्याच्या लांब तुऱ्यावरची काटेरी फळे धोतराला आणि पायजम्याला चिकटून प्रवास करतात तो, भिंतीच्या कडेने उपटला जातो. माका, डोरली, धोत्रा, निळी विष्णुक्रांता यांचीही तीच गत होते. हरळीविरुद्ध तर स्वतंत्र मोहीम निघते, कारण ती जमिनीवरून धावत्या खोडांनी आणि जमिनीखालून मूलक्षोडांनी, म्हणजे आडव्या वाढणाऱ्या भूमिगत खोडांनी, अशी दोन्हीकडून पसरते. मग भाद्रपद शुद्ध चतुर्थी येते. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींत माका, आघाडा, डोरली, धोत्रा, विष्णुक्रांता या सर्वांचा समावेश होतो आणि हरळीचे कोवळे शेंडे म्हणजेच दूर्वा. आदल्या दिवशी नवमाळी पिशवी घेऊन मंडईत उभा असतो. पत्रीच्या जुडीचा भाव ऐकून तो चकित होतो, घासाघीस करतो, दूर्वा शिळ्या आहेत असे म्हणतो आणि शेवटी सांगितलेली रक्कम मोजून तो ऐवज घरी आणतो.

विसर्जनानंतर निर्माल्य नदीत टाकायचे नाही एवढी पर्यावरणाची जाण त्याला असते, म्हणून ते तो घरच्या खतखड्यात घालतो. तणांचे बी मरायचे तर खताच्या ढिगाचे तापमान पंचावन्न अंशांच्या वर काही दिवस टिकावे लागते. बादलीएवढ्या खड्ड्यात ते कोमटपणाच्या पुढे जात नाही. पुढच्या आषाढात ते खत घातलेल्या वाफ्यात आघाडा, माका आणि धोत्रा एका रांगेत उगवतात आणि जुडीतल्या सांध्यांनी तग धरून पसरलेली हरळी त्यांच्यामध्ये हातपाय पसरते. नवमाळी नवे खुरपे घेऊन खाली बसतो. तेवढ्यात पायरीवरून विचारणा होते: "अहो, याचे पैसे मोजले होतेत ना गेल्या वर्षी?" तो थोडा वेळ विचार करतो, आणि त्या मोसमात हरळीला गांडूळखत मिळते.