हर्णैची पावसाळी सहल

हर्णैची पावसाळी सहल हा दोन दिवस आणि एका रात्रीचा, जून-जुलैत घडणारा प्रकार आहे. हर्णै हे रत्नागिरी जिल्ह्यातलं, दापोली तालुक्यातलं मासेमारीचं बंदर. एरवी इथल्या वाळूवर मासळीचा लिलाव भरतो, आणि बोटीतला माल आणायला बैलगाड्या थेट समुद्रात शिरतात, अशी या बंदराची ख्याती. पर्यटक येतो तो हा लिलाव पाहायला, आणि नेमका लिलाव बंद असताना येतो. कारण तेव्हा खोल्या स्वस्त मिळतात.

लिलाव बंद असण्याचं कारण सरकारी आहे. महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. या दिवसांत बऱ्याच माशांची वीण होते, शिवाय समुद्र खवळलेला असतो. हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात किंवा किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. खलाशी गावाकडे परततात, जाळी दुरुस्तीला पडवीत येतात. बंदीची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येते. पर्यटक ती वाचतोही. पण बंदी कोळ्यांना आहे, आपल्या ताटाला नाही, असा त्याचा प्रामाणिक समज असतो.

प्रेक्षणीय स्थळांत पहिला क्रमांक सुवर्णदुर्गाचा. 1755 साली कमोडोर विल्यम जेम्स या इंग्रजाने तोफांचा भडिमार करून तुळाजी आंग्र्यांचा हा जलदुर्ग घेतला. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. पावसाळ्यात तिथे होडी जात नाही. पर्यटक किनाऱ्यावरूनच त्याला मोबाइलमध्ये घेतो, तेही धुक्यासकट, आणि ‘सुवर्णदुर्ग केला’ असं लिहून मोकळा होतो. गोवा किल्ला, दीपगृहाचा कनकदुर्ग आणि कोळी वस्तीचा फत्तेगड हे तिघे जमिनीवरच आहेत, पायी जाता येतं. म्हणून तिकडे फारसं कोणी फिरकत नाही.

सहलीचा गाभा म्हणजे जेवण. खानावळीत प्रवेश करताच ‘ताजं काय आहे?’ हा प्रश्न विचारला जातो. ‘सगळं ताजं, दादा. पापलेट सकाळीच आलंय,’ हे त्याचं ठरलेलं उत्तर. उत्तरात खोटं काही नाही. पापलेट सकाळीच आलेलं असतं. कुठून, एवढं विचारायचं राहून जातं. पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या बोटी समुद्रात आणि इकडच्या शाकारलेल्या. तेव्हा समोरचं पापलेट बंगालच्या उपसागरातून बर्फात बसून आलेलं असू शकतं, किंवा मे महिन्यापासून शीतगृहात मुक्कामाला असलेलं. पर्यटक पहिला घास घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, ‘ही चव मुंबईत नाही.’ कित्येकदा ते मुंबईवरूनच आलेलं असतं. पापलेटला 2023 साली राज्य मासा हा मान मिळाला, तो त्याचं संवर्धन व्हावं म्हणून. विणीच्या दिवसांत त्याचीच मागणी करून हा मान राखला जातो.

त्याच वेळी स्वयंपाकघरात मालकाचं कुटुंब वांग्यात सोडे घालून जेवत असतं. पावसाळ्यातला कोकणी आहार हाच: उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरलेला जवळा, सोडे, सुके बोंबील, खारा बांगडा. जोडीला खाडीत बिगरयांत्रिक होडीने किंवा पागाने मिळेल ते, आणि पहिल्या पावसात ओढ्याला चढणारे वलगणीचे मासे. यातलं काही मेन्यूकार्डावर नसतं, कारण कोणी मागत नाही. सुकटीच्या दुकानावरून जाताना पर्यटक नाकाला रुमाल लावतो आणि गाडीची काच वर करतो.

दुसऱ्या दिवशी गाडी वाळूवर नेण्याचा कार्यक्रम असतो. भरतीचं वेळापत्रक बंदरावर लहान पोरालाही पाठ असतं. ते विचारणं पर्यटकाला कमीपणाचं वाटतं. चाकं रुततात, पाणी बंपरला लागतं, मग गावातला ट्रॅक्टर येतो. हंगाम नसताना गावाला मिळणारं हे एक खात्रीचं उत्पन्न.

परतल्यावर दोन तक्रारी नोंदवल्या जातात: गाव मेलेलं होतं आणि मासे महाग होते. पहिली चूक आहे. गाव मेलेलं नसतं, सुट्टीवर असतं; सुट्टी माशांनाही असते आणि ती मिळाली तरच पुढचा लिलाव भरतो. दुसरी तक्रार बरोबर आहे, पण मासे महाग होतात ते मागणाऱ्यामुळे. जून-जुलैत हर्णैला जरूर जावं, कनकदुर्ग चढावा, सोड्याची भाजी मागून खावी. ताजं पापलेट हवं असेल त्याने ऑगस्ट उजाडेपर्यंत थांबावं.