दरडीचे शेट

दरडीच्या शेटांबरोबर घाटातून प्रवास करू नये. जुलैत कशेडी घाटात धुकं उतरलेलं असतं, कातळावरून धबधबे कोसळत असतात, मागच्या सीटवरची पोरं 'थांबवा ना' म्हणून गळा काढत असतात, आणि शेटांची नजर मात्र रस्त्यासाठी कापलेल्या डोंगरावर. दातांचा डॉक्टर समोरच्याचं हसू सोडून किडकी दाढ हेरतो, तसे हे धबधबा सोडून शेजारची ओली भेग हेरतात. 'हा काही टिकत नाही. पुढच्या वर्षी टेंडर निघणार,' असं समाधानाने पुटपुटतात. वहिनी म्हणतात, 'अहो, निदान गाणी तरी लावा.' शेट गाणी लावतात, पण काच अर्धी खाली ठेवतात. वर दगड सुटला तर ऐकू यायला हवा.

शेट कापलेले डोंगर सावरण्याची कंत्राटं घेतात. व्हिजिटिंग कार्डावर 'स्लोप स्टॅबिलायझेशन' असं भारदस्त काहीतरी छापलेलं आहे. घाटातल्या टपऱ्यांवर मात्र ते 'दरडीवाले शेट'. पांढरा शर्ट, गाडीच्या डिकीत गमबूट, आणि मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा. रेड अलर्ट आला की जिल्ह्यातल्या पोरांना सुट्टी मिळते आणि शेटांची झोप जाते. झोप जाण्याचं कारण म्हणजे दोषदायित्वाचा कालावधी. या काळात केलेलं काम पडलं तर पुन्हा स्वखर्चाने उभं करायचं. तो संपल्यावर पडलं, तर निसर्गाचा कोप.

नवीन साइटवर पहिलं भोक पाडण्याआधी गाऱ्हाणं होतं. त्याशिवाय दोरीवरची पोरं डोंगरावर चढतच नाहीत, आणि दोरीला लटकून पहारीने सुटे दगड पाडायचे म्हटल्यावर त्यांचं चुकतं असं कोण म्हणेल? गावकर नारळ ठेवून राखणदाराला साकडं घालतो, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. शेट शेवटी हळूच थकलेल्या रनिंग बिलाचाही उल्लेख करून घेतात. त्यालाही 'व्हय म्हाराजा' मिळतं. बिल मिळत नाही.

मग ड्रिलिंगचा धुरळा सुरू होतो. डोंगरात लांब भोकं पाडायची, त्यात सळ्या घालायच्या, सिमेंटची स्लरी भरायची, वर जाळी ठोकायची, कुठे सिमेंट फवारायचं. सळई आत उतरती बसवायची, म्हणजे स्लरी बाहेर वाहत नाही. पाणी काढायचे पाइप मात्र बाहेरच्या बाजूला उतरते. हा एवढा फरक नव्या सुपरवायझरला कळेपर्यंत शेटांचा घसा बसतो. साहेब तपासणीला आले की जॅक लावून सळई ओढून दाखवायची. सळई हलली नाही की साहेब खूश, साहेब हलले की शेट खूश.

अहवाल भूगर्भतज्ज्ञांचा जोडतात, पण सल्ला घेतात गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याचा. पावसात उपळट कुठे फुटते हे त्याला ठाऊक असतं. कारण शेटांना एक गोष्ट पक्की कळलेली आहे, आणि तिथे मात्र मी त्यांना मानतो. दरड दगडामुळे पडत नाही, पाण्यामुळे पडते. वरच्या जांभ्यातून पाणी मुरतं, खालच्या मऊ चिकट मातीत साचतं, तिचा भार वाढतो, पकड सुटते, आणि सगळंच निसटतं. म्हणून खरं औषध म्हणजे माथ्यावरचा चर. पावसाचं पाणी उतारावर यायच्या आधीच तो बाजूला काढतो.

पण चराचं उद्घाटन कोण करणार? तो खालून दिसत नाही. भिंत दिसते, तिच्यापुढे फीत कापता येते, आणि तिचा दर घनमीटरवर असतो. त्यात डोंगर आधीच जवळजवळ उभा कापलेला, कारण तिरका कापायचा तर जास्त जमीन घ्यावी लागते. उभा कापणारा कंत्राटदार वेगळा आणि टेकू देणारा वेगळा. कधीकधी दोघे सख्खे भाऊ असतात. चर दरवर्षी मे महिन्यात साफ करावा हे शेटांना पटतं, अभियंत्यांनाही पटतं, फक्त ते कोणाच्याच बिलात बसत नाही. त्यामुळे पाचोळा साचतो, चर बुजतो, आणि शेटांच्या धंद्याला मरण येत नाही. हे ते स्वतःच सांगतात आणि चहा मागवतात.

लोकांचा जाच निराळाच. २०२२च्या उन्हाळ्यात परशुराम घाट कामासाठी रोज दुपारी काही तास बंद ठेवत, तेव्हा अडकलेल्या प्रवाशांनी या जमातीचा जो उद्धार केला, तो छापण्याजोगा नाही. भिंतीला भोकं का ठेवली, सिमेंट कोणी खाल्लं, असा सवाल ग्रामसभेत हमखास येतो. ती पाणी जायला असतात असं सांगितलं तर हशा पिकतो. एका उत्साही टपरीवाल्याने अंगावर पाणी येतं म्हणून सहा भोकांत कापडाचे बोळे कोंबले होते. शेटांनी ते स्वतः उपसले आणि त्याच्याचकडे उधारीवर भजी खाल्ली.

फक्त दरडीखाली गाडल्या गेलेल्या माळीण, तळीये, इर्शाळवाडी यांची नावं निघाली की हा बडबड्या माणूस गप्प होतो. '२०१४, २०२१, २०२३,' एवढंच म्हणतो. मग म्हणतो, 'तिथे हायवे नव्हता. टेंडर कुठून निघणार?' यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

तेव्हा वाचकहो, शेटांचा निरोप पोचवतो. नुसती वरून सोडलेली जाळी दगड अडवून धरत नाही, तो अंगावर उसळू न देता पायथ्याशी उतरवते. म्हणून जाळी दिसली की आता धोका टळला असं समजून तिच्याखाली गाडी लावू नका. आणि भिंतीतून पाणी गळताना दिसलं तर व्हिडिओ काढून शेटांना शिव्या घालू नका. गळायचं थांबलं की घाला.