जी डिव्हिजनची थोरवी

मुंबईच्या पावसात क्रिकेट खेळू नये, हे शाळकरी पोरालाही कळतं. आउटफिल्डचं गवत पोटरीला लागतं, मिडविकेटला डबकं साचलेलं असतं, फटका कितीही कडक बसला तरी चेंडू चौकारापर्यंत पोचत नाही. हे दिवस फुटबॉलचे. शहाणी माणसं या दिवसांत फुटबॉल खेळतात, नाहीतर घरी बसून कांदाभजी खातात. आणि नेमक्या याच दिवसांत, रविवारच्या रविवारी, पांढरे कपडे घालून, सीझन बॉलने, अंपायर आणि स्कोअरर लावून मुंबईत कांगा लीग खेळली जाते. मी या वेडेपणाचा भक्त आहे. तिच्या सगळ्यात वरच्या ए डिव्हिजनचे भाट पुष्कळ होऊन गेले; मला सगळ्यात खालच्या जी डिव्हिजनची थोरवी गायची आहे.

डॉ. होरमसजी कांगा हे पारशी डॉक्टर आणि पट्टीचे फलंदाज. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला, त्यात ते होते. त्यांच्या नावाने 1948 मध्ये ही लीग सुरू झाली. त्याच्या दोनच वर्षं आधी पंचरंगी सामने कायमचे बंद पडले होते. त्या सामन्यांत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेले सगळे 'इतर' अशी माणसांची वाटणी होती आणि कुणी कुठून खेळायचं ते जन्मानेच ठरायचं. कांगा लीगमध्येही पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना आहेत, पण त्यांची जागा ठरते गुणांवर. नव्या देशाच्या दुसऱ्याच पावसाळ्यात या शहराने खेळाची अशी नवी उतरंड लावली, याचं मला फार मोल वाटतं.

ही उतरंड ए पासून जी पर्यंत सात डिव्हिजनची. प्रत्येकीत 14 संघ, म्हणजे एकूण 98. डिव्हिजनमधल्या प्रत्येकाशी एकदा खेळायचं म्हटलं तर एका संघाचे 13 सामने होतात, आणि सगळे सामने झाले तर साऱ्या लीगचे मिळून 637. सगळे कधी होत नाहीत. कितीतरी पाण्यात जातात. वरचे वर चढतात, तळाचे खाली उतरतात. जी डिव्हिजनच्या क्लबाला ओळीने दरवर्षी बढती मिळाली तरी ए डिव्हिजनला पोचायला सहा पावसाळे लागणार. आणि ओळीने दरवर्षी बढती कुणाला मिळते?

अशीच चढउतारांची, पण याहून लांब शिडी पोलंडच्या फुटबॉलची आहे. वर 18 संघांची एक्स्त्राक्लासा, तिच्याखाली पहिली लीग, मग दुसरी, मग चार गटांत वाटलेली तिसरी, मग प्रांताप्रांतांची चौथी, मग जिल्ह्याची, मग 'अ' वर्ग, आणि बहुतेक ठिकाणी सगळ्यात खाली 'ब' वर्ग. 'ब' वर्गातला खेड्यातला संघही नियमाने एक्स्त्राक्लासात जाऊ शकतो. जात नाही हा भाग वेगळा. पण शिडीच्या तळाशी उभ्या असलेल्या त्या खेडुताचं आणि मुंबईच्या आझाद मैदानात जी डिव्हिजन खेळणाऱ्या आमच्या एखाद्या कारकुनाचं नातं मला सख्ख्या भावांचं वाटतं.

हा कारकून विक्रोळीचा धरू. कन्नमवार नगर, टागोर नगर, पार्कसाईट, कुठलाही. रविवारी सकाळी सारी वसाहत झोपलेली असताना खांद्याला किटबॅग अडकवून तो स्टेशनवर उभा असतो. विक्रोळीला बहुतेक फास्ट लोकल थांबत नाहीत, तेव्हा स्लोनेच जायचं. मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. म्हणून ब्लॉक सुरू व्हायच्या आत शहरात पोचायला हवं. बॅगेत पॅड, ग्लोव्हज, टॉवेल, मोज्यांचे दोन जादा जोड आणि बुटांत कोंबायला कालचं वर्तमानपत्र. बाहेर मुसळधार कोसळतोय. सामना होईल की नाही, हे मैदानात गेल्याशिवाय कळत नाही. आणि तो घरून फोन करून विचारत नाही, कारण उत्तर 'नाही' आलं तर जायचं राहील. शहाण्याने याला मूर्ख म्हणावं. मी याला निष्ठा म्हणतो आणि तिच्यापुढे हात जोडतो.

आझाद मैदानावर 22 खेळपट्ट्या आहेत. एकाच वेळी इतके सामने चालतात की एका सामन्याचा कव्हर आणि शेजारच्या सामन्याचा फाइन लेग पाठीला पाठ लावून उभे असतात. "बॉल! बॉल!" अशी आरोळी आली की आधी डोकं झाकायचं, मग तो कुणाचा होता ते बघायचं. पाऊस थांबला की माळी भुसा पसरतो. अंपायर अंगठ्याने पिच दाबून बघतो, दोन्ही कप्तान त्या खळीकडे बघतात, कुणी काही बोलत नाही. आणि खेळ सुरू होतो.

पुढे काय होतं ते जवळून बघण्यासारखं आहे. गुड लेंथवर पडलेला पहिला चेंडू मातीत क्षणभर रुततो आणि थांबून येतो. फलंदाजाची बॅट आधीच पुढे गेलेली असते. तो कसाबसा मनगट ढिलं सोडतो आणि चेंडू पायाशी मरतो. दुसरा, त्याच जागी पडलेला, छातीपर्यंत उसळतो. तिसरा खाली राहतो, घसरत येतो आणि पॅडवर बसतो. अपील मैदानभर घुमतं. एव्हाना चेंडू पाणी पिऊन जड झालेला असतो. अशा पिचवर साठ-सत्तर धावांवरही सामना जिंकता येतो. इथल्या पन्नास धावांना मैदानातली जुनी मंडळी शतकाचा मान देतात, आणि बरोबर देतात.

या लीगची बाजू घेणारे नेहमी एकच कारण सांगतात: कांगा लीगने भारताला फलंदाज दिले. ओल्या पिचवर चेंडू उशिरा खेळायची सवय लागली, ती इंग्लंडमध्ये कामाला आली. हे खरं आहे. गावसकर आणि वेंगसरकर दादर युनियनचे, वाडेकर आणि संदीप पाटील शिवाजी पार्क जिमखान्याचे. या दोन क्लबांच्या सामन्याला माटुंग्यात गर्दी लोटायची. 1984 मध्ये अकरा वर्षांचा सचिन तेंडुलकर जॉन ब्राइट क्लबतर्फे याच लीगमध्ये उतरला. पण या कारणासाठी कांगा लीगची तारीफ केली की तिची निम्मी थोरवी हातून निसटते. मग ती लीग लॉर्ड्सची तालीम ठरते, आणि तालमीचं मोल पुढच्या कुस्तीवर जोखलं जातं. जी डिव्हिजनचा आमचा विक्रोळीकर लॉर्ड्सला जाणार नाही. ए डिव्हिजनलाही जाणार नाही. त्याचा चेंडू उशिरा खेळणं कुठल्याही देशाच्या कामी येणार नाही. तो फक्त तो चेंडू नीट खेळतो. मला त्याचा मान करायचा आहे तो एवढ्याचसाठी.

शिवाजी पार्क जिमखान्याचे पद्माकर शिवलकर आठवा. प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि भारताची कसोटी टोपी एकदाही मिळाली नाही. फळाचा हिशेब मांडणारा माणूस तिशीतच गोलंदाजी सोडून मोकळा झाला असता. शिवलकर पन्नाशीच्या उंबरठ्यावरही रणजी खेळले. ए डिव्हिजनच्या शिखरावरच्या माणसाचीही अशी गत असेल, तर जी डिव्हिजनच्या माणसाला फळाची भाषा शिकवणारे आपण कोण?

आणि क्लबचा सेक्रेटरी! थोरवी गाताना या माणसाला विसरून चालणार नाही. शनिवारी रात्री तो फोन घेऊन बसतो. एकाची ड्युटी लागलेली, दुसऱ्याच्या घरी साखरपुडा, तिसऱ्याला ताप. अकरा जमवता जमवता बारा वाजतात. वर्गणी तोच गोळा करतो, चेंडू तोच आणतो, माळ्याचे पैसे तोच देतो, टेंटच्या गळक्या छपरावर प्लास्टिक तोच टाकतो; आणि मोसमाअखेरी क्लब खाली उतरला तर पहिल्या शिव्याही तोच खातो. पुढच्या जुलैत पुन्हा फोन घेऊन बसतो. शहरातल्या कितीतरी संस्था पैसा आणि जागा असूनही बंद पडल्या. ही लीग अशा माणसांच्या जोरावर 1948 पासून उभी आहे.

लीग पावसातून काढून ऑक्टोबरात न्यावी, म्हणजे सामने पूर्ण होतील, खेळाडूंना दुखापती होणार नाहीत, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. सल्ला शहाणपणाचा आहे, आणि म्हणूनच मला तो मान्य नाही. कोरड्या पिचवर, कापलेल्या गवतावर खेळायच्या स्पर्धा या शहरात भरपूर आहेत. पाऊस काढून घेतला तर कांगा लीग त्यांच्यातलीच आणखी एक होईल. लीग चालवणाऱ्या मुंबई क्रिकेट असोसिएशनला माझी विनंती एवढीच: मैदानाचा निचरा सुधारा, माळ्यांना बरा पगार द्या, खालच्या डिव्हिजनच्या टेंटना धड छप्पर द्या, पण पावसाला हात लावू नका.

आणि वाचकहो, येत्या पावसाळ्यातला एखादा रविवार मोकळा ठेवा. तिकीट लागत नाही. आझाद मैदानात किंवा क्रॉस मैदानात जा, जी डिव्हिजनचा सामना कुठे चाललाय ते विचारा, छत्री घेऊन सीमारेषेपाशी उभे राहा. शेवटची विकेट पडेपर्यंत थांबा, आणि अकराव्या नंबरच्या फलंदाजाने एक जरी चेंडू नीट अडवला तरी मोठ्याने टाळ्या वाजवा.