तीनपर्यंतचे रसिक

फोर्टातल्या कुठल्याशा कचेरीत ‘साहेब जेवायला गेलेत, तीननंतर या’ हे ऐकून बाहेर पडलेले काका रमतगमत काळ्या घोड्याला येतात आणि जहांगीर आर्ट गॅलरीत शिरतात. सर कावसजी जहांगीरांच्या देणगीतून १९५२ साली ही गॅलरी उभी राहिली ती कलेसाठी. काकांना पटलेली कारणं दोनच : तिकीट नाही आणि आत एसी आहे.

काका आधी पाटी वाचतात, मग चित्र बघतात. पाटीवर ‘अनटायटल्ड’. “याला स्वतःलाच काही सुचलेलं दिसत नाही,” असं पुटपुटत ते पुढे सरकतात. चित्रातलं कळत नसलं तरी चौकटीतलं त्यांना कळतं. इकडेतिकडे बघून, बोटाने हळूच टकटक करून, “सागवान नव्हे!” असा निकाल देतात. (तो बहुधा बरोबर असतो.)

चित्रकार रझांचा ‘बिंदू’ त्यांच्या कानावर आलेला असतो. एका चित्राशेजारी चिकटवलेली लाल टिकली दिसताच ते विचारतात, “तो बिंदू म्हणतात तो हाच का?” ती चित्र विकलं गेल्याची खूण, हे समजल्यावर किंमत विचारतात. किंमत ऐकून पुन्हा चित्रासमोर येतात आणि आता मात्र बराच वेळ हलत नाहीत. त्यात कुणी सांगितलं, की नागपुरात जन्मलेल्या गायतोंड्यांचं एक चित्र २०२१ साली जवळजवळ ४० कोटींना गेलं, की काका मनात डोंबिवलीतले टूबीएचके मोजू लागतात.

कोपऱ्यातल्या टेबलामागे चित्रकार बसलेला असतो. या एका आठवड्याच्या प्रदर्शनासाठी त्याने काही वर्षं नंबर लावलेला असतो. काका आपुलकीने चौकशी करतात, “बाकी नोकरी कुठे?” मग अभिप्रायवही ओढून घेऊन वळणदार अक्षरात लिहितात : ‘प्रयत्न स्तुत्य. रंग पक्के वाटतात. पुढील वाटचालीस शुभाशीर्वाद.’ खाली सही, हुद्दा आणि कंसात ‘निवृत्त’.

काकांना हसणं सोपं आहे. पण उद्घाटनाच्या संध्याकाळी याच दालनात जाणकार मंडळी चित्रांकडे पाठ करून एकमेकांना भेटत असतात. काका निदान प्रत्येक चित्रासमोर थांबले. भर दुपारी रिकाम्या दालनात बसलेल्या चित्रकारालाच एकदा विचारून बघा, दोघांतलं कोण आलेलं त्याला बरं वाटतं.