दोऱ्याने मोजलेली अमेरिका

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात माझ्या शब्दाला मान नाही, पण माझ्या पृथ्वीच्या गोलाला आहे. घरोघरची पोरं परदेशी जाऊन बसल्यापासून 'टोरांटो किती लांब?' विचारायला लोक माझ्याचकडे येतात.

आत्याबाईंची नात सॅन फ्रान्सिस्कोहून गणपतीला येणार होती. "नेमकी केव्हा येऊन राहिली ते सांग. मोदक गार झाले की त्यात राम नाही."

मी गोलावर दोरा ताणला. तो हिमालय, चीन, सायबेरिया करत पार सत्तराव्या अक्षांशापर्यंत चढला आणि अलास्कावरून खाली उतरला. "अमेरिकेला जायला उत्तरेकडे?" भिंतीवरच्या नकाशाकडे बघत आत्याबाई म्हणाल्या. झालं! मर्केटरने १५६९ साली तो नकाशा जहाजांच्या सोयीसाठी काढला, त्यात ध्रुवाकडचा मुलूख फुगतो, म्हणून सरळ वाट वाकडी दिसते, हे मी पोहे संपेपर्यंत समजावलं. माझे नव्हे, त्यांचे. माझे गार झाले.

अंतर १३,००० किलोमीटर. ताशी ९०० धरले तर साडेचौदा तास. तिकडे शुक्रवारी रात्री आठला निघणार, म्हणजे आपल्याकडे शनिवारचे सकाळचे साडेआठ. शनिवारी रात्री अकराला पोरगी माना विमानतळावर. विमान कुठून कुठे जातं, असली किरकोळ चौकशी मी केली नाही. भूगोल पक्का असला की तिकीट कशाला बघायचं?

दोन गाड्या, हार आणि वाफाळता डबा घेऊन आम्ही माना गाठलं. दारावरच्या शिपायाने विचारलं, "कौन सी फ्लाइट?" मी रुबाबात "सॅन फ्रान्सिस्को" म्हटलं. त्याने आधी हाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अब बिहनिया आही, कका," तो हळुवारपणे म्हणाला. म्हणजे आता सकाळीच येईल.

साडेबाराला फोन आला. "काका, आत्ता दुबईत उतरले!"

सॅन फ्रान्सिस्को ते दुबई हेच मुळी १३,००० किलोमीटर. म्हणजे माझा सगळा दोरा दुबईतच संपला होता. तिथून दिल्ली २,२००, दिल्लीहून रायपूर साडेनऊशे, शिवाय प्रत्येक ठिकाणी बाकड्यावर बसून काढायचे तास. ते कुठल्याच गोलावर छापत नाहीत.

परतताना गाडीत मी बाजू सावरून पाहिली. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं, वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढली आणि तरी पाठीवर वारा असल्याने दोनेक तास वाचले. तेव्हा अंतर आणि वेळ यांचा तसा संबंध...

"डबा सांभाळ," आत्याबाई म्हणाल्या.

रविवारी संध्याकाळी पोरगी आली. बॅग आली नाही. आत्याबाईंनी दुसऱ्यांदा मोदकपात्र चढवलं आणि सवयीने विचारलं, "बॅग कुठवर आली असेल रे?" घरातले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सायबेरिया," मी म्हणालो.