मालक, आपला हप्ता पोचला

श्री. रा. रा. मूळ कर्जदारसाहेब यांसी,
जामीनदार क्रमांक दोनचा सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

पत्र खुलं लिहितोय, त्याला इलाज नाही. बंद पाकिटातलं काहीही आपल्या पत्त्यावरून 'मालक परगावी' असा शेरा घेऊन परत येतं. बँकेची रजिस्टर नोटीसही तशीच आली. पोस्टमन म्हणाला, मालक परगावी आहेत हे सांगायला दारात स्वतः मालकच आले होते. जुना नंबर बंद आहे आणि नवा म्हणे फक्त पुढाऱ्यांकडे असतो. तेव्हा चार लोकांनी हे वाचलं तर त्यातला एखादा तरी आपल्या कानावर घालील, एवढ्याच आशेवर हा कागद.

आधी आनंदाची बातमी. या महिन्याचा आपला हप्ता पोचला. माझ्या पगारातून. आमच्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांचा पगार शालार्थ प्रणालीवर निघतो, त्यात कपातीच्या ओळी असतात. भविष्य निर्वाह निधी, गटविमा, व्यवसाय कर 200 रुपये, आणि त्याखाली आता आपण. बायको-पोरांनाही त्या कागदावर जागा नाही, आपल्याला मात्र मिळाली. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातला कारकून दर महिन्याला ती ओळ भरताना माझ्याकडे असा बघतो, जणू मीच कुणाचे तरी पैसे घेऊन पळालो आहे.

आठवतंय का, 2018 साली आपण शाळेच्या फाटकाशी बुलेट उभी करून आला होतात? पोल्ट्रीची शेड, 12 लाखांचं कर्ज, तालुक्याची नागरी सहकारी बँक. 'नुसती सही लागते मास्तर, फॉर्मॅलिटी.' बँकेत गेल्यावर कळलं की फॉर्मॅलिटी चाळीसेक पानांची आहे. कोऱ्या जागा, त्यांवर पेन्सिलीने मारलेल्या फुल्या, आणि प्रत्येक फुलीवर आपलं बोट. पान उलटायला आपण, शाईचं पॅड धरायला आपण, वर चहा आपला. मी वाचायला थांबलो की साहेबांची जेवणाची वेळ होत आली असं सांगायलाही आपणच. पुढे ज्या कागदांवर आपण एकदाही नजर टाकली नाहीत, त्यांची त्या दिवशीची देखरेख पाहण्यासारखी होती.

बँकेने मलाच का पसंत केलं, तेही नंतर उमगलं. आपले मेहुणे जामीनदार क्रमांक एक. त्यांचं घर पत्नीच्या नावावर, दुकान मुलाच्या नावावर, स्वतःच्या नावावर फक्त मतदार यादीतली नोंद. माझ्याकडे कायम नोकरी आणि दर महिन्याला ठरल्या खात्यात पडणारा पगार. कर्ज विभागात अशा माणसाला दुभत्या गाईचा मान असतो. शेण कुणाचं का असेना, धार तिथूनच काढतात.

पहिली नोटीस आली तेव्हा मी वकिलाकडे गेलो आणि शहाण्यासारखं विचारलं, 'आधी कर्जदाराकडून वसूल करा, नाहीच मिळालं तर माझ्याकडे या, असं सांगता येईल ना?' वकील हसले. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 त्यांनी समजावलं: कर्जदाराची जितकी जबाबदारी, तितकीच जामीनदाराची, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. आणि माझा शहाणपणाचा प्रश्न बँक ऑफ बिहारच्या खटल्यात कधीच विचारून झालेला होता. खालच्या न्यायालयाने म्हटलं होतं की बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं, मग जामीनदाराच्या. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली ती अट काढून टाकली. धनकोला थांबायला लावायचं तर जामीन घेण्यात अर्थ तो काय उरला? तर्क बिनतोड आहे. मलाही तो पटला, आणि मी वकिलांची फी देऊन आलो.

आता एक गोष्ट सरळ मनाने सांगतो, कारण ती खरी आहे. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना पसरतो अशी अफवा उठली, भाव पार कोसळले आणि लोकांनी पक्षी फुकट वाटले, पिल्लं पुरली, तेव्हा मला आपल्यासाठी वाईट वाटलं होतं. रात्री आपण शेडबाहेर बसलेले मी पाहिले आहेत. रिझर्व्ह बँकेने 1 मार्च ते 31 ऑगस्ट हप्ते लांबवायची सवलत दिली, ती घ्या म्हणून मीच मागे लागलो. हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही, हे दोघांनाही माहीत होतं. पुढे त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज केंद्र सरकारने छोट्या कर्जदारांच्या खात्यात जमा केलं. मालक, आपल्या कर्जखात्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून पडलेली ती शेवटची रक्कम.

त्या वर्षी बुडालेला माणूस मला कळतो. धंदा बुडाला म्हणून तोंड लपवणारा, सावकाराकडे मंगळसूत्र ठेवणारा, बँकेत जाऊन साहेबासमोर रडणारा, असे पाहिले आहेत, आणि तसा कुणी माझा मित्र असता तर अर्धा हप्ता मी न सांगता भरला असता. पण आपण बुडाला नाहीत. शेड आज सिमेंटच्या गोदामाला भाड्याने आहे. भाडं रोख येतं. दारात पांढरी गाडी आली, मागच्या काचेवर 'आईची कृपा' लिहिलंय, आरसी बुकात बायकोचं नाव आहे. गणपतीच्या मंडळाला पाच हजार एक रुपये, आमदारांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स, त्यात खाली हात जोडलेले आपण, 'भावी सरपंच'. तो फ्लेक्स माझ्या शाळेच्या रस्त्यावर होता. वसुली अधिकारी माझ्याकडे येताना त्याच्याखालून आले. मी त्यांना दाखवला. ते म्हणाले, 'सर, फोटोकडून वसुली होत नाही.'

वारीही चुकत नाही आपली. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, कर्जाचा विषय काढला की तोंडी तुकोबा. तुकोबांनी खतपत्रं इंद्रायणीत बुडवली ही कथा आपण मला दोनदा ऐकवलीत, तीही हप्ता थकलेला असताना. बुवा, तिचा तपशील एकदा नीट ऐकून घ्या. ती खतं लोकांकडून येणं असलेल्या पैशांची होती, आणि त्यातलाही भावाचा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला. तुकोबांनी स्वतःचं येणं बुडवलं. आपण लोकांचं देणं बुडवताय, आणि त्यासाठी नदीकाठी जायचेही कष्ट घेत नाही.

बँकेकडचं आता सगळं मला तोंडपाठ आहे. 90 दिवस हप्ता थकला की खातं अनुत्पादक. मग सहकार कायद्याच्या कलम 101 खाली उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला. त्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर येणं रकमेच्या निम्मे पैसे आधी भरायचे. म्हणजे 'हे देणं माझं नव्हे' असं म्हणण्याची किंमत अर्धं देणं. त्यानंतर कलम 156, जप्ती, लिलाव, पगार. आपल्या शेडच्या सातबाऱ्यावर बोजा आहे, तिचा लिलाव एकदा पुकारलाही. बोली लावायला गावातून कुणी उभं राहिलं नाही. भावकीशी वैर कोण घेणार? शिवाय आपल्या चुलतभावाने नेमका त्याच आठवड्यात वाटपाचा दावा लावला. काय योगायोग असतात एकेक. माझ्या पगाराला मात्र भावकी नाही.

वसुली अधिकाऱ्यांबद्दल तक्रार नाही. वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करावेत असं रिझर्व्ह बँकेने 2022 साली पुन्हा बजावलं आहे, आणि हा माणूस घड्याळ पाहून फोन करतो. पहिल्यांदा वर्गात आला तेव्हा मुलं उभी राहिली, त्यांना वाटलं तपासणीला साहेब आले. मी त्याला बाहेर नेलं. चहा झाला. 'सर, तुम्ही सापडता म्हणून तुमच्याकडे येतो,' असं तो प्रामाणिकपणे म्हणाला. या एका वाक्यात सहकारी वसुलीचं सगळं शास्त्र आलं. जो सापडतो त्याच्याकडून घ्यायचं. जो सापडत नाही त्याला कार्यक्रमात खुर्ची द्यायची. बँकेच्या मागच्या वार्षिक सभेत आपण दुसऱ्या रांगेत होतात.

पगार कापला जातो ते सोसतो. सोसत नाही ते वेगळंच आहे. पोरीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, शैक्षणिक कर्जासाठी दुसऱ्या बँकेत गेलो. तिथल्या मुलाने संगणकावर सिबिलचा अहवाल काढला. 300 ते 900 च्या मोजपट्टीवर माझा आकडा पाहून तो आधी काहीच बोलला नाही, मग हळूच म्हणाला, 'सर, पोल्ट्रीचं थकीत दिसतंय.' मी आयुष्यात अंडंसुद्धा विकलेलं नाही. जामीन राहिलेलं कर्ज जामीनदाराच्याही अहवालात दिसतं, हे मला त्या काउंटरवर कळलं, पोरीच्या समोर. तिने घरी येईपर्यंत एक शब्द काढला नाही. शेवटी तिच्या मामाने पैसे उभे केले. त्या मामाला मी काय तोंड दाखवतो हे आपल्याला कळायचं नाही. आपले मेहुणे वेगळ्या घडणीचे आहेत.

लोक मला विजय मल्ल्याची गोष्ट सांगून समजूत घालतात. मोठे मोठे बुडवून लंडनला जातात, मग आपला माणूस तर तालुक्यातच आहे. मला त्या प्रकरणातला वेगळाच माणूस आठवतो. 2016 साली मल्ल्या देश सोडून गेले, आणि त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या पिलीभीतच्या एका शेतकऱ्याची बँकखाती 'मल्ल्यांचा जामीनदार' म्हणून गोठवली गेली. त्या भल्या माणसाने मल्ल्यांना कधी पाहिलंही नव्हतं. चूक उघडकीला आली आणि खाती मोकळी झाली. माझी अडचण अशी की मी आपल्याला पाहिलेलं आहे. एका बाकावर बसून पाहिलेलं आहे. आपल्या दहावीच्या गणिताच्या पेपराआधी रात्रभर आपल्याला त्रैराशिकं शिकवली आहेत, ती आपण पुढे इतक्या सफाईने वापराल अशी कल्पना नव्हती.

असो. आता तुम्ही-आपण बस झालं.

ऐक. करार कायद्याच्या कलम 145 प्रमाणे जामीनदाराने रीतसर भरलेला पैसा कर्जदाराकडून वसूल करता येतो. पैसे भरल्या दिवसापासून तीन वर्षांच्या आत दावा लावायचा असतो. माझ्या पगारातून कापलेल्या प्रत्येक हप्त्याचा शिक्क्याचा उतारा बँकेकडून घेऊन ठेवलाय, आणि पहिल्या हप्त्याची तीन वर्षं भरण्याआधी दावा दाखल होईल. तुझ्या मेहुण्यालाही कळव, कलम 146 प्रमाणे सहजामीनदारांचा वाटा सारखा असतो. घर बायकोच्या नावावर कधी झालं याची तारीख आमचे वकील दुय्यम निबंधकांकडून काढताहेत.

आणि कलम 140, 141 वाचून घे, नाहीतर कुणाकडून वाचवून घे. जामीनदाराने कर्ज पूर्ण फेडलं की बँकेचे तुझ्यावरचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात, आणि बँकेकडचं तारणही. शेडवरचा बोजा मग माझा असेल. बँकेला तुझ्या भावकीची भीड आहे, तुझ्या आमदाराची आहे. मला सहा वर्षांनी निवृत्त व्हायचंय आणि भरपूर वेळ असणार आहे.

यातलं काहीच नको असेल तर रस्ता सोपा आहे. बँकेची एकरकमी परतफेड योजना सध्या चालू आहे. गोदामाचं भाडं थेट कर्जखात्यात वळवायचं पत्र शाखेत दे, गाडी विकून उरलेल्याची बोलणी कर. येत्या सोमवारी शाळेला सुट्टी आहे, अकरा वाजता मी बँकेत थांबतो. ये. या वेळी सही तू करायची आहेस, फुल्या मी मारून ठेवीन.

तुझा,
जामीनदार क्रमांक दोन